जीटीए ६ खरंच १९ नोव्हेंबरला येईल का? स्टुडिओच्या कोणत्या वाक्याला किती वजन द्यायचं

या फोरमवर प्रश्न विचारणाऱ्याने परिस्थिती नीट मांडली आहे, म्हणून आधी तीच थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, घरी जुना पीसी, शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे. जीटीए ६, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो या गेममालिकेचा नवा भाग, खेळण्यासाठी प्लेस्टेशन ५ हा कन्सोल आत्ताच घ्यावा की थांबावं? तो बनवणाऱ्या रॉकस्टार स्टुडिओने तारीख दोनदा पुढे ढकलून आता १९ नोव्हेंबर २०२६ सांगितली आहे. मित्राचा चुलतभाऊ बंगळुरूला रॉकस्टारमध्ये कामाला आहे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे गेम २०२७ शिवाय येत नाही. यूट्यूबवर रोज नवा लीक, आणि प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळंच सांगतोय. मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

मी पुण्यात गेम बनवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं आहे. सुरुवात टेस्टिंगमधून झाली, आता प्रोड्यूसर आहे. कोणतं काम कधी संपेल, कशाला कात्री लावायची, आणि तारीख पाळता येणार नसेल तर ते वरच्यांच्या कानावर कधी घालायचं, हे माझं रोजचं काम. रॉकस्टारसाठी मी कधीच काम केलेलं नाही, त्यामुळे तिथली आतली बातमी माझ्याकडे नाही. पण तारखा कशा ठरतात आणि कशा घसरतात, हे जवळून पाहिलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमचा प्रश्न वरवर 'गेम कधी येणार' असा दिसतो, पण खरी अडचण वेगळी आहे. कंपनीचा सीईओ, स्टुडिओ, पत्रकार, चुलतभाऊ, यूट्यूबर, सगळ्यांची वाक्यं तुमच्यापर्यंत एकाच मोबाइलच्या पडद्यावरून येतात आणि सारख्याच वजनाची वाटतात. ती वेगवेगळी तोलायची कशी, हे कळलं की तारखेचा प्रश्न अर्धा सुटतो. माझी कसोटी एकच आहे: हे वाक्य उद्या खोटं ठरलं, तर बोलणाऱ्याचं काय जाईल? ज्याचं काहीच जाणार नाही त्याचं वाक्य ऐकून सोडून द्यावं. ज्याचे पैसे, नोकरी किंवा नाव पणाला लागलं आहे, त्याचं नीट वाचावं.

नवा फ्लॅट घेतलेल्या कुणालाही हे पटेल. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकावरची ताब्याची तारीख आणि महारेराकडे नोंदवलेली तारीख, दोन्ही तारखाच. पण पहिली चुकली तर सहसा कुणी जाब विचारत नाही, दुसरी चुकली तर बिल्डरला व्याज भरावं लागू शकतं. गेमच्या जगातही नोंदवलेली तारीख कोणती आणि माहितीपत्रकातली कोणती, ते ओळखता यायला हवं.

जीटीए ६ ची 'नोंदवलेली' तारीख शोधायची तर रॉकस्टारच्या ट्विटपेक्षा तिच्या मालक कंपनीकडे बघा. टेक-टू इंटरॅक्टिव्ह ही अमेरिकेच्या नॅस्डॅक या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच, एप्रिल ते मार्च. दर तिमाहीला तिला गुंतवणूकदारांसमोर बसून सांगावं लागतं की यंदा किती विक्री अपेक्षित आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कायद्याने अंगाशी येतं, आणि अंदाज चुकला तर शेअर पडतो. म्हणून या गेमच्या तारखांचा इतिहास त्या निकालांच्या शेजारी ठेवून वाचला तर बरंच काही उलगडतं.

डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला. तो आधीच फुटल्यामुळे ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, ४ तारखेला, घाईघाईने टाकावा लागला. त्यात फक्त '२०२५' एवढंच होतं. मे २०२४ मध्ये तिमाही निकालांबरोबर ते '२०२५ चा शरद ऋतू' असं आवळलं. २ मे २०२५ ला, निकाल तोंडावर असताना, २६ मे २०२६ ही नवी तारीख आली. ६ नोव्हेंबर २०२५ ला, निकालाच्याच दिवशी, १९ नोव्हेंबर २०२६. हे लिहीत असताना हीच जाहीर तारीख आहे.

यात एक गोष्ट चाहत्यांच्या नजरेतून सुटते. पहिल्या ढकलण्यात गेम एका आर्थिक वर्षातून थेट पुढच्या वर्षात गेला. कंपनीसाठी हे महाग असतं, आणि तरीही त्यांनी ते केलं. म्हणजे काम खरोखरच राहिलं होतं. दुसऱ्यांदा तो मेमधून नोव्हेंबरमध्ये गेला, पण आर्थिक वर्ष तेच राहिलं, वर अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या खरेदीचा हंगाम पदरात पडला. हिशेबाच्या दृष्टीने हे ढकलणं खूपच स्वस्त पडलं असणार. यावरून माझा अंदाज असा: गेम आणखी काही आठवडे किंवा अगदी जानेवारी ते मार्चपर्यंत सरकला तर कंपनी ते सोसेल. मार्च २०२७ च्या पलीकडे जाणं मात्र तिला फारच जड जाईल. आणि तशी वेळ आलीच, तर ते आधी एखाद्या तिमाही निकालाच्या आसपास कळेल. मंगळवारी दुपारी कुठल्या यूट्यूब चॅनलवरून कळणार नाही.

आता रॉकस्टारची सवय बघू. जीटीए ४ ची तारीख १६ ऑक्टोबर २००७ होती. ऑगस्टमध्ये, म्हणजे जेमतेम अडीच महिने आधी, ती ढकलली आणि गेम २९ एप्रिल २००८ ला आला. जीटीए ५ आधी २०१३ च्या वसंत ऋतूत येणार होता, तो १७ सप्टेंबर २०१३ ला आला. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाला. आधी २०१७ चा शरद, मग २०१८ चा वसंत, आणि शेवटी २६ ऑक्टोबर २०१८. म्हणजे दोनदा पुढे जाणं या स्टुडिओला नवीन नाही. लक्षात ठेवण्यासारखं हे, की जीटीए ५ आणि रेड डेड २ या दोन्हींच्या बाबतीत महिना आणि वार धरून जी पहिली नेमकी तारीख दिली, ती पाळली. जीटीए ४ ची पहिली नेमकी तारीख मोडली, दुसरी पाळली. जीटीए ६ ची पहिली नेमकी तारीख, २६ मे, मोडून झाली आहे. आता दुसरी चालू आहे. जुन्या सवयीवरून बघितलं तर हे आशादायक आहे. पण तीन-चार गेम्सच्या सवयीला नियम म्हणता येत नाही.

इथे जरा थांबून गेम पुढे का जातो ते सांगतो, कारण याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. तारीख सरकली की लोकांना वाटतं, अर्धा गेम बनायचा राहिला असेल. एवढ्या मोठ्या गेमच्या शेवटच्या वर्षात चित्र सहसा वेगळं असतं. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येत असतो. राहिलेले असतात ते बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका. आमच्या मीटिंगमध्ये तेव्हा एकच आलेख भिंतीवर असतो: या आठवड्यात नवे बग किती सापडले, आणि किती मिटले. मिटणारे जास्त आणि सापडणारे कमी व्हायला लागले की रेघ खाली वळते. ती वळली की जीव भांड्यात पडतो. ठरलेल्या आठवड्यापर्यंत वळली नाही, तर कुणीतरी तोंड उघडावंच लागतं.

खुल्या जगाच्या गेममध्ये, म्हणजे जिथे खेळाडू हवा तिथे भटकू शकतो तिथे, ही रेघ फार उशिरा वळते. समजा, पोलिसांच्या गाड्या वळणावर फार घसरतात म्हणून कुणी त्यांची पकड थोडी वाढवली. रस्त्यावरचा पाठलाग सुधारला. पण दुसऱ्या टोकाला असं एक मिशन आहे, जिथे पोलिसांची गाडी पुलावरून खाली पडणं गोष्टीसाठी गरजेचं आहे, आणि आता ती पडतच नाही. मिशन तिथेच अडकलं. हे कुणाला कळणार? जो टेस्टर ते मिशन त्या आठवड्यात पुन्हा खेळेल त्याला. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर जुनं सगळं परत तपासायचं, आणि जग जितकं मोठं आणि जिवंत, तितकं हे काम अफाट वाढतं. पाऊस पडत असताना, रात्री, पाण्यात, मोटारसायकलवर, फोन वाजत असताना असे प्रत्येक गोष्टीचे फाटे. टेस्टिंगमधल्या मुलांनी एकच रस्ता दिवस दिवस चालून काढलेला मी पाहिला आहे. चाहते ज्याला 'नुसतं पॉलिश' म्हणतात, ते हे काम. त्याला नुसतं म्हणू नका.

त्यानंतर सोनी आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची तपासणी असते. कंट्रोलर मध्येच बंद पडला तर काय होतं, डिस्क भरली तर सेव्ह फाइल बिघडते का, कन्सोल झोपवून परत उठवला तर गेम नीट चालू होतो का. नापास झालं की दुरुस्त करून पुन्हा रांगेत. मग डिस्क छापणं, दुकानांपर्यंत पोचवणं. म्हणून आम्ही प्रकाशनाचा दिवस धरून उलटे मोजत येतो, आणि या उलट्या मोजणीत एक टप्पा असा असतो की त्यानंतर जाहिरातींचे पैसे, दुकानांमधली जागा, डिस्कचा कारखाना हे सगळं पक्कं करावं लागतं. त्या आधी तारीख हलवली तर नामुष्की होते. त्यानंतर हलवली तर पैसेही जातात. २६ मे ची तारीख साडेसहा महिने आधी हलवली गेली, यात मला काही गूढ दिसत नाही. पैसे अडकण्याच्या आधीचीच ती वेळ आहे. तेव्हा २०२६ च्या जून ते ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या उन्हाळ्यात, जाहिराती जोरात सुरू झाल्या आणि आगाऊ नोंदणी उघडली, तर त्या दोन गोष्टी शंभर लीकपेक्षा मोठा पुरावा आहेत. तिथे पैसे लागलेले असतात.

तरीही शंभर टक्के खात्री कशातच नसते. सायबरपंक २०७७ हा गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने ५ ऑक्टोबर २०२० ला गेम 'गोल्ड' झाल्याचं, म्हणजे डिस्कवर जाणारी प्रत तयार असल्याचं सांगितलं. आणि २७ ऑक्टोबरला तारीख आणखी २१ दिवस पुढे नेली. १० डिसेंबरला गेम आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था अशी होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो परत ठेवायला जून २०२१ उजाडलं. म्हणजे तारीख पाळली जाणं आणि त्या दिवशी गेम चांगला असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे २०२३ पर्यंत मेहनत करून त्यांनी तो गेम फार सुंदर केला. पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजलेल्यांना त्याचा काय उपयोग? यामुळेच कुणी तारीख ढकलली की मी रागावत नाही. आत कुणीतरी खरं बोलायची हिंमत केली, असं मला वाटतं.

आता चुलतभाऊ. तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. रॉकस्टारचा बंगळुरूमध्ये स्टुडिओ आहे हे खरं. २०१६ मध्ये त्यांनी तिथे सुरुवात केली आणि २०१९ मध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातली सर्वांत जुन्यांपैकी एक गेम कंपनी विकत घेऊन त्यात सामील केली. तिथली माणसं कसलेली आहेत. पण इतक्या मोठ्या गेमवर काम कसं वाटलं जातं ते बघा. एडिंबरा, न्यूयॉर्क, टोरांटो, सॅन डिएगो, बंगळुरू, शेकडो-हजारो माणसं. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दिसतं. एखादा कलाकार महिनोन्महिने फक्त दुकानांच्या पाट्या, कुंपणं आणि कचराकुंड्या करत असतो. ते काम मोलाचं असतं, पण त्यावरून प्रकाशनाची तारीख कळत नाही. तारीख ठरते ती मोजक्या लोकांच्या खोलीत. चुलतभावाने ऐकलं असेल ते बहुधा कँटीनमधलं बोलणं, आणि कँटीनमध्ये प्रत्येक प्रोजेक्ट उशिराच येणार असतो.

शिवाय माझी कसोटी चुलतभावाला लावली तर एक उलटी बाजू दिसते. त्याचं वाक्य खोटं ठरलं तर त्याचं काही जात नाही, पण खरं ठरलं आणि त्याच्यापर्यंत माग लागला तर नोकरी जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉकस्टारने ब्रिटन आणि कॅनडामधल्या ३० हून अधिक लोकांना काढलं. कंपनीचं म्हणणं, त्यांनी गोपनीय माहिती बाहेर चर्चेत आणली. कामगार संघटनेचं म्हणणं, संघटना मोडण्यासाठीच हे केलं. वाद कुणाच्या बाजूने सुटायचा तो सुटेल, पण वातावरण कसं आहे ते यावरून कळतं. म्हणून मनापासून विनंती: त्या दादाला पुन्हा विचारू नका, आणि त्याच्या नावाने इथे काही लिहूही नका.

लीकबद्दल बोलायचं तर सप्टेंबर २०२२ ची घटना सगळ्यांना आठवत असेल. बनत असलेल्या जीटीए ६ च्या सुमारे ९० क्लिप एका हॅकरने बाहेर टाकल्या. त्या अस्सल होत्या, रॉकस्टारनेच ते मान्य केलं. आणि लोकांनी काय केलं? ग्राफिक्स किती भिकार आहेत म्हणून चेष्टा. 'ग्राफिक्स तर आधी पूर्ण होतात' असं कुणीतरी ठामपणे लिहिलं, तेव्हा जगभरच्या डेव्हलपर्सनी आपापल्या गाजलेल्या गेम्सचे कच्चे व्हिडिओ टाकून दाखवले: करड्या रंगाचे ठोकळे, कपडे नसलेले पुतळे, आकाशाच्या जागी नुसता रंग. असाच बनतो गेम. आधी ठोकळ्यांवर चालणं-पळणं-लढणं जमवायचं, ते मजेचं झालं की मग रंग, प्रकाश, सावल्या. सगळ्यात सुंदर भाग सगळ्यात शेवटी येतो. म्हणजे अस्सल लीकसुद्धा बघणाऱ्याला फसवू शकतो, कारण तो कोणत्या टप्प्यावरचा आहे हे त्याला ठाऊक नसतं.

याच्या उलट, जुलै २०२२ मध्ये ब्लूमबर्गवर जेसन श्रायर यांची बातमी होती: नव्या गेममध्ये एक नायिका असेल आणि शहर मायामीवर बेतलेलं असेल. दीड वर्षाने ट्रेलरमध्ये लुसिया ही नायिका दिसली, मायामीवर बेतलेलं व्हाइस सिटी दिसलं. ज्या पत्रकाराचं पोट त्याच्या विश्वासार्हतेवर चालतं त्याची बातमी आणि निनावी खात्यावरची पोस्ट यांत हा फरक आहे. चंद्राच्या कला पाहून ट्रेलरची तारीख काढणाऱ्यांबद्दल मी फार बोलत नाही. वाट बघताना मन रमवायला ते ठीक आहे, पण त्यावर पैसे लावू नयेत.

अपेक्षांबद्दल मात्र बोलायला हवं. आपल्याकडच्या माझ्या वयाच्या कितीतरी लोकांनी २००२ चा 'व्हाइस सिटी' हा जुना जीटीए गेम सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून खेळला. 'पँझर' टाइप केलं की रस्त्यावर रणगाडा यायचा आणि मागे उभी असलेली चार पोरं ओरडायची. नवा गेम त्याच शहरात जातोय, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यात एक खासगी जीटीए ६ आधीच तयार आहे. सगळ्या इमारतींत शिरता येईल, नकाशा अमुक पट मोठा असेल, प्रत्येक माणूस तुमच्याशी बोलेल. रॉकस्टारने यातलं काहीही सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलंय ते एवढंच: लिओनायडा नावाचं राज्य, त्यात व्हाइस सिटीखेरीज लिओनायडा कीज, ग्रासरिव्हर्स, पोर्ट गेलहॉर्न, अँब्रोझिया आणि माउंट कलागा हे भाग, जेसन आणि लुसिया ही जोडी. दुसरा ट्रेलर प्लेस्टेशन ५ वरच टिपलेला, निम्मा खेळतानाचा आणि निम्मा कटसीनचा, म्हणजे नुसत्या बघायच्या प्रसंगांचा. हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. असं लिहून दिल्यावर खरा गेम तसा दिसला नाही तर लगेच शेजारी शेजारी ठेवून तुलना होते, आणि बदनामी होते. म्हणून ते वजनदार आहे.

आणि स्टुडिओने स्वतः सांगितलेलंही नेहमी घडत नाही, हेही ध्यानात ठेवा. जीटीए ५ च्या गोष्टीत २०१४ मध्ये मोठी भर घालू, असं रॉकस्टारनेच २०१३ च्या अखेरीस म्हटलं होतं. ती भर आजतागायत आलेली नाही. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालेला जीटीए ऑनलाइन इतका चालला की सगळी ताकद तिकडे गेली. 'एजंट' नावाचा गेम २००९ मध्ये सोनीच्या मंचावरून जाहीर झाला, तो कधीच आला नाही. माझ्या कसोटीवर दोन्ही घासून बघा. त्या वाक्यांवर कुणाकडून आगाऊ पैसे घेतलेले नव्हते. मोडायला स्वस्त होती, मोडली.

हे सांगताना एक उदाहरण मला टाळता येत नाही, कारण ते पुण्याचं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम या २००३ च्या गेमचा रिमेक जाहीर केला. बनवणार होते पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. इतक्या मोठ्या नावाचा गेम भारतीय स्टुडिओंच्या नेतृत्वाखाली, हे आमच्या सगळ्या धंद्यासाठी केवढं मोठं होतं, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. तारीख दिली २१ जानेवारी २०२१, म्हणजे जेमतेम चार महिन्यांवरची. ट्रेलर आला आणि जगभरच्या चाहत्यांनी तो फाडून खाल्ला. प्रिन्सचा चेहरा, प्रकाश, रंग, काही सोडलं नाही. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. आगाऊ नोंदणी केलेल्यांना पैसे परत द्यायची वेळ आली. २०२४ मध्ये '२०२६' असं नवं साल दिलं गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने कंपनीची फेररचना करताना तो गेमच रद्द केला.

त्या प्रोजेक्टवर मी नव्हतो, त्यामुळे आत काय घडलं यावर बोलणार नाही. पण चाहत्यांची टीका सगळीच चुकीची होती असंही म्हणत नाही. गेम पूर्ण किमतीला विकायचा म्हटल्यावर लोक बोलणारच. मला लागलं ते दुसरं. चाहत्यांना २००३ चा प्रिन्स जसा आठवत होता तसा तो मुळात नव्हताच, सतरा वर्षांत आठवणीनेच तो सुंदर केलेला होता. त्या आठवणीशी स्पर्धा करायला नव्या टीमला सांगितलं, आणि एका ट्रेलरवरून 'भारतीय स्टुडिओ म्हटल्यावर असंच होणार' असं बोललं गेलं. आपल्याच फोरमवर आपलीच मुलं तसं लिहीत होती. माझ्या ओळखीच्या नवख्या कलाकारांनी ते वाचलं. अंदाज जरूर बांधा, टीका जरूर करा, पण पडद्यामागे तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच हा गेम लहानपणी खेळलेली माणसं बसलेली आहेत, एवढं मनात असू द्या.

काही स्टुडिओ गप्प राहणंच पसंत करतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या स्टुडिओने सिल्कसाँग हा गेम २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर केला, नंतर वर्षानुवर्षं जवळपास मौन. ऑगस्ट २०२५ मध्ये एकदम सांगितलं की दोन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला येतोय. आणि आला. मधल्या काळात गेम रखडला, बंद पडला असे किती तर्क झाले! प्रत्यक्षात ती मूठभर माणसं आनंदाने गेममध्ये भर घालत बसली होती. त्यांना दर तिमाहीला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून ते शक्य झालं. टेक-टूसारख्या कंपनीला ही चैन परवडत नाही. म्हणजे मौन दिसलं तरी ते कुणाचं आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

आता तुमच्या पैशांकडे येऊ. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्लेस्टेशनवर याशिवाय दुसरे चार-पाच गेम खेळायचे असतील तर आत्ता घेण्यात चूक काही नाही, यंत्र पडून राहणार नाही. फक्त जीटीए ६ साठी घ्यायचा असेल तर आत्ता एवढी मोठी रक्कम अडकवण्याचं कारण मला दिसत नाही. वॉरंटीचं एक वर्षही उगाच वाट बघण्यात जाईल.

पीसीवर येईल म्हणून थांबायचं का? जाहीर झालेलं फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एवढंच आहे. जुनी उदाहरणं बघा: जीटीए ४ पीसीवर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला, रेड डेड २ साधारण वर्षाने, जीटीए ५ ला पहिल्या प्रकाशनापासून दीड वर्षाहून जास्त लागलं. पहिला रेड डेड रिडेम्प्शन तर २०१० चा, तो पीसीवर २०२४ मध्ये आला. पीसी आवृत्ती कधीतरी येईल असं मलाही वाटतं, पण तुमचा जुना पीसी ती चालवेल का, हा खर्चाचा वेगळाच प्रश्न आहे. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागलं तर कन्सोलपेक्षा ते स्वस्त पडेलच असं नाही.

माझा सल्ला असा. मेच्या मध्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला टेक-टूचे तिमाही निकाल येतात. त्यात दोनच गोष्टी बघा: १९ नोव्हेंबर ही तारीख नेमक्या शब्दांत पुन्हा सांगितली का, आणि वर्षाच्या विक्रीचा अंदाज कायम ठेवला का. ऑगस्टमध्ये दोन्हीचं उत्तर हो असेल आणि आगाऊ नोंदणी सुरू झालेली असेल, तर गेम वेळेवर येण्याची शक्यता बरीच मानायला हरकत नाही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळीच्या सवलती सहसा त्याआधी सुरू होतात, आणि अगदी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले निकालही तोवर कळलेले असतील. तेव्हा कन्सोल घ्या. तोवर पैसे रिकरिंगमध्ये ठेवा. गेमची आगाऊ नोंदणी मात्र डिजिटल असेल तर करूच नका. डिजिटल प्रत संपत नाही, पहिल्या दिवशीच्या परीक्षणांनंतर घेतली तरी तीच मिळते.

आणि एक तातडीची गोष्ट. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एक लिंक दिली होती, 'जीटीए ६ मोबाइल बीटा एपीके', म्हणजे चाचणीसाठीचं म्हणून दिलेल्या मोबाइल ॲपची फाइल. ती उघडू नका. जीटीए ६ मोबाइलसाठी जाहीर झालेला नाही, आणि अशी कोणतीही बीटा रॉकस्टारने दिलेली नाही. उघडून परवानग्या दिल्या असतील तर ते ॲप आणि फाइल काढून टाका, शक्य असेल तर फोन एकदा पूर्ण रीसेट करून घ्या, आणि मगच बँकेच्या ॲपचा पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला. हे काम आज करा, बाकीचं ऑगस्टपर्यंत थांबू शकतं.